दुसऱ्याच्या मनातील भ्रम

मोक्षासारख्या परमपुरुषार्थाची चर्चा करणाऱ्या आपल्या दर्शनकारांनी भ्रमाचे उदाहरण निवडताना शिंपल्यासारखी क्षुल्लक वस्तूही पुरेशी मानली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. समुद्रकाठचा शिंपला एखाद्याला चांदीसारखा दिसतो, तो वाकून उचलू जातो, आणि हातात घेतल्यावर त्याला उमगते की ही चांदी नव्हे, हकीकत एवढीच. परंतु या एवढ्याशा हकीकतीवर नैयायिक, मीमांसक, बौद्ध आणि वेदान्ती यांनी शतकानुशतके वाद केला, भ्रमात नेमके काय भासते याविषयी प्रत्येक पक्षाने आपापला ख्यातिवाद उभारला, आणि विषय क्षुल्लक आहे असे त्यांपैकी कोणालाही वाटले नाही. कारण न्यायसूत्रांच्या आरंभीच गौतमाने दुःखाचे कारण, त्या कारणाचे कारण, असे मागे मागे जात सर्वांचे मूळ मिथ्याज्ञानात दाखवून ठेवले होते, आणि मिथ्याज्ञान हेच जर बंधाचे मूळ असेल तर ते एका शिंपल्यावर कसे जडते हे पाहणे हेही मुमुक्षूचेच काम ठरते.

नवशिक्या विद्यार्थ्याने लिहिलेला संगणकाचा प्रोग्राम वाचून त्याच्या मनातला गैरसमज हुडकून काढण्याची जी खटपट गेली चार दशके अमेरिकेत आणि युरोपात चालू आहे, आणि जिच्यात अलीकडे मशीन लर्निंगचा उपयोग होऊ लागला आहे, तिच्याविषयी लिहिताना हा जुना वाद मी पुढे आणतो तो याच सबबीवर. शिक्षकांची सोय, वेळेची बचत, हजारो विद्यार्थ्यांच्या वर्गाची व्यवस्था हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी दुय्यम आहेत. मूळ प्रश्न असा, की दुसऱ्याच्या मनात भ्रम आहे, आणि तो अमुकच आहे, हे कोणाला आणि कोणत्या प्रमाणाने कळू शकते.

अगदी लहान उदाहरण घेऊ. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत ‘अ = ५’ असे लिहिले आहे, दुसरीत ‘ब = अ’, आणि तिसरीत ‘अ = ७’. शेवटी ‘ब’ची किंमत किती, असे विचारले असता संगणक ५ हे उत्तर देतो, कारण दुसरी ओळ चालली त्या क्षणी ‘अ’ची जी किंमत होती ती ‘ब’ला मिळाली आणि तिथेच त्या दोघांचा संबंध संपला. पहिल्यांदाच प्रोग्रामिंग शिकणारी मुले मात्र पुष्कळदा ७ असे सांगतात, आणि तेही चाचपडत नव्हे तर शांतपणे, कारण देऊन. शाळेच्या बीजगणितात बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू कायमच्या समान असतात. ‘ब’ आणि ‘अ’ एकदा समान ठरले की ‘अ’ बदलल्यावर ‘ब’नेही बदलले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद बीजगणितात निर्दोष आहे. आधी एकीकडे ओळखीचे झालेले पुढे भलत्याच अधिष्ठानावर भासू लागते, असे अध्यासाचे जे वर्णन शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभी केले, त्याला याहून स्वच्छ दाखला आजच्या वर्गात क्वचितच मिळेल.

आता या मुलाच्या मनात नेमके काय आहे? प्रभाकराच्या परंपरेतला मीमांसक म्हणेल की असत्य असे काहीच नाही: समोरचे चिन्ह त्याला दिसते हे खरे, बीजगणितातली समानता त्याला आठवते हेही खरे, आणि उणीव एवढीच की या दोन खऱ्या ज्ञानांमधला भेद त्याच्या ध्यानात आलेला नाही, भ्रम म्हणून जे आपण म्हणतो ते केवळ भेदाचे अग्रहण. नैयायिक यावर उत्तर देईल की नुसत्या अग्रहणाने कोणी चांदी उचलायला वाकत नाही. ‘ही चांदी आहे’ असे एक, सलग, निश्चयात्मक ज्ञान झाल्याखेरीज प्रवृत्ती घडत नाही, आणि म्हणून भ्रम हे ज्ञानाचे उणेपण नसून एका वस्तूचे दुसरीच्या रूपाने झालेले भावरूप ज्ञान आहे. हा फरक पंडिती नाही. पहिला पक्ष खरा असेल तर शिक्षकाचे काम राहून गेलेला भेद दाखवून देण्यापुरते उरते. दुसरा खरा असेल तर जे मनात ठाण मांडून बसले आहे ते आधी उठवावे लागते, आणि ज्याला उठवायचे त्याचे नाव-गाव ठाऊक असावे लागते.

विलक्षण गोष्ट अशी, की संस्कृत दर्शनांचा आधार न घेता हाच वाद अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्र्यांमध्ये जवळजवळ त्याच रेषांवर पुन्हा झाला. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतील चुकांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. ८३ मधून ४८ वजा करताना एखादे मूल ४५ उत्तर काढते. परीक्षक लाल रेघ मारून पुढे जातो, आणि शेरा लिहितो निष्काळजीपणाचा. परंतु त्याच मुलाची आणखी गणिते शेजारी ठेवली की दिसते, ते प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा करीत आहे, ८ मधून ३, आणि ८ मधून ४; म्हणजे ते निष्काळजी नाही, उलट एका चुकीच्या नियमाचे ते अत्यंत इमानाने पालन करीत आहे. त्या मुलाकडे पाहण्याची ही दृष्टी मला नैतिकदृष्ट्या मोठी वाटते. मुलाच्या चुकीला गुन्हा न मानता तिच्यामागची व्यवस्था शोधणे, हा त्याच्या बुद्धीचा सन्मान आहे. पण पुढे याच क्षेत्रात आढळून आले की असे चुकीचे नियम मुलांच्या मनात स्थिर राहतातच असे नाही. आज एक, उद्या दुसरा, आणि मध्येच बरोबर उत्तर. १९९३ साली स्मिथ, डिसेसा आणि रोशेल या तिघांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले की नवशिक्याचे ज्ञान तुकड्यातुकड्यांचे असते, ते तुकडे आपापल्या जागी उपयोगी असतात, आणि ज्याला आपण गैरसमज म्हणतो ते पुष्कळदा योग्य तुकड्याची गैरजागी झालेली योजना असते. प्रभाकराच्या परंपरेतल्या अख्यातिवाद्याला यात आपला स्वर ऐकू आला असता.

प्रोग्रामिंगच्या शिक्षणात या दोन्ही मतांना पुरावा मिळतो. येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना एक साधे काम देत असत: रोजच्या पावसाचे आकडे एकामागून एक वाचावेत, ९९९९९ हा आकडा आला की थांबावे, आणि सरासरी सांगावी. कित्येक विद्यार्थी असा प्रोग्राम लिहीत की ज्यात तो ९९९९९ स्वतःच पावसाच्या बेरजेत जाऊन पडे. त्यांपैकी काहींची समजूत अशी असे की अट मोडताक्षणी लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा फेरा, जिथल्या तिथे थांबतो, मग प्रोग्राम मधल्या कुठल्याही ओळीवर का असेना. घरात आपण कोणाला दूध उतू जाऊ लागेपर्यंत आच चालू ठेवायला सांगतो तेव्हा ऐकणारा दुधावर अखंड नजर ठेवतो. संगणक मात्र प्रत्येक फेरीच्या तोंडाशी एकदाच अट तपासतो आणि मग ती फेरी पुरी होईपर्यंत तिच्याकडे वळूनही पाहत नाही. घरातले खरे ज्ञान इथे परक्या जागी येऊन बसले. सोलोवे यांच्याबरोबर काम करणाऱ्या जॉन्सन यांनी अशा प्रोग्रामांचे निदान करणारी एक यंत्रणा तयार केली, आणि तिची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे: विद्यार्थ्याला काय साधायचे होते याचा अंदाज ती आधी बांधी, आणि त्या हेतूच्या उजेडात चूक वाची. ते सारे ज्ञान माणसांनी हाताने भरलेले होते. २०१२ साली फिनलंडमधील युहा सोर्वा यांनी आपल्या प्रबंधाला जोडलेल्या यादीत नवशिक्यांच्या गैरसमजांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. एवढ्यांचे नियम हाताने लिहीत बसणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

मशीन लर्निंगने ही अडचण दुसऱ्या बाजूने सोडवली. इथे गैरसमजाची व्याख्या कोणी आधी करीत नाही. हजारो विद्यार्थ्यांचे प्रोग्राम घेऊन प्रत्येकाचे रूपांतर आकड्यांच्या लांब रांगेत केले जाते, रचनेने जवळचे प्रोग्राम त्या आकड्यांतही जवळ येतात, त्यांचे पुंजके पडतात, आणि मग तज्ज्ञ माणूस एकेक पुंजका उघडून त्याला नाव देतो. दुसरी एक रीत विद्यार्थ्याचा एकच प्रोग्राम न पाहता त्याच्या प्रयत्नांचा ओघ पाहते. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात या रीतीचे जे गणित मांडले, त्यात दोन संभाव्यता मुद्दाम ठेवलेल्या आहेत: येत असूनही हात चुकण्याची, आणि येत नसूनही अंदाज बरोबर लागण्याची. आपल्या नैयायिकांनी ज्याला हेतूचा व्यभिचार म्हटले, म्हणजे कार्य दिसले तरी ते त्याच कारणाचे असेल याची हमी नसणे, त्याची ही सरळ आणि प्रामाणिक कबुली आहे. आणि हे गणित मला आवडते ते तेवढ्यासाठी.

या ठिकाणी यंत्राने मिळवून दिलेला लाभ मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण तो त्या जुन्या वादाला स्पर्श करणारा आहे. भ्रम भावरूप की केवळ अग्रहण, हा निर्णय एका परीक्षेच्या एका उत्तरावरून करता येत नाही. परंतु जी मुलगी महिनाभर, निरनिराळ्या प्रश्नांत, तेच चुकीचे पाऊल त्याच आत्मविश्वासाने टाकते तिच्या मनात नैयायिकाने सांगितलेले निश्चयात्मक अन्यथाज्ञान आहे असे मानायला सबळ आधार मिळतो. आणि जिचे पाऊल आज इकडे, उद्या तिकडे पडते तिच्या बाबतीत प्रभाकराचे म्हणणे अधिक खरे असावे. दोघींचा त्या दिवशीचा प्रोग्राम अक्षरशः सारखा असू शकतो, दोघींना द्यायची शिकवण मात्र भिन्न. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात एवढी बारीक नोंद कोणताही शिक्षक ठेवू शकत नाही; यंत्राचे दफ्तर ठेवू शकते. तेव्हा दोन दर्शनांपैकी एकच खरे असले पाहिजे हा माझा आग्रह नाही. दोन्ही भ्रम मनुष्याला होतात, आणि कोणता कोणाला झाला हे पाहणे हे शिकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

पण पुंजका दिसणे आणि भ्रम कळणे यांत अंतर आहे. सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘संतानान्तरसिद्धि’ हा लहानसा ग्रंथ लिहिला, तो आज तिबेटी भाषांतराच्या रूपाने आपल्याला उपलब्ध आहे, आणि त्याचा विषय हाच आहे, की दुसरे मन आहे हे कशावरून समजावे. त्याच्या उत्तराचा सारांश असा सांगता येईल: माझ्या स्वतःच्या बाबतीत बोलणे व हालचाल यांच्या आधी इच्छा असते हे मी जाणतो, तशीच हालचाल माझ्या इच्छेवाचून अन्यत्र दिसली तर तिच्यामागेही इच्छा असली पाहिजे असे मी अनुमान करतो. या अनुमानाचा सारा भार ‘माझ्या स्वतःच्या बाबतीत’ या आधारावर आहे. शिक्षक जेव्हा म्हणतो की या मुलाने बरोबरीचे चिन्ह बीजगणितातून उचलले, तेव्हा त्याला स्वतःला बीजगणित येते, त्या चिन्हाची ओढ तो आतून ओळखतो. यंत्राजवळ असा स्वतःचा दृष्टान्त नाही. पुंजक्यांना नावे देणाऱ्या, उत्तरांवर शेरे मारणाऱ्या माणसांचे दृष्टान्त त्याला उसने मिळालेले आहेत. म्हणून यंत्राचा निर्णय हा वरवर अनुमान दिसला तरी वस्तुतः तो शब्दप्रमाणाच्या कक्षेत येतो: अनेक आप्तांची, म्हणजे विश्वासार्ह माणसांची, साक्ष एकत्र करून, प्रमाणात मिसळून, नव्या प्रसंगी लागू केलेली.

मग त्या आप्तांची योग्यता तपासणे प्राप्तच आहे. इंग्लंडमधील केंट विद्यापीठाने २०१३ साली जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांचा मोठा संग्रह सुरू केला. पुढल्याच वर्षी तिथल्या ब्राउन आणि अल्तादम्री यांनी शिक्षकांना विचारले, की नवशिक्यांच्या अमुक चुकांपैकी कोणत्या अधिक वेळा घडतात. आणि शिक्षकांची उत्तरे एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली. शिक्षकांचे आपसांत एकमत फारसे नव्हते, त्यांचा क्रम नोंदींशी बेताचाच जुळला, आणि शिकवण्याचा अनुभव अधिक असल्याने त्यात काही सुधारणा दिसली नाही. हा निष्कर्ष शिक्षकाच्या व्यवसायावर प्रेम करणाऱ्याला बोचणारा आहे, आणि मी त्या प्रेम करणाऱ्यांतला आहे. तरी तो नाकारण्यात अर्थ नाही. कोणती चूक किती वेळा होते या प्रश्नात नोंदींचे दफ्तर शिक्षकाच्या स्मृतीहून श्रेष्ठ आहे. ती चूक करताना मुलाला काय वाटत होते या प्रश्नात मात्र दफ्तर मुके आहे, आणि तिथे ज्याची स्मृती आकड्यांत कच्ची ठरली तोच शिक्षक, विचारण्याची त्याला सवय असेल तर, अजूनही अधिक जाणतो.

रॉय पी या संशोधकाने १९८६ साली नवशिक्यांच्या अनेक गैरसमजांच्या मुळाशी एकच महाभ्रम दाखवला होता: संगणकाच्या आत कुठेतरी एक समजूतदार मन दडलेले आहे, आणि मी लिहिलेल्यातून माझा हेतू ते ओळखून घेईल, अशी श्रद्धा. प्रोग्राम हेतू ओळखत नाही. लिहिलेले अक्षर तेवढे तो पाळतो. आज भाषेची मोठमोठी मॉडेले विद्यार्थ्याने साध्या बोलीत सांगितलेल्या इच्छेवरून प्रोग्राम लिहून देतात, तेव्हा ती श्रद्धा पूर्वीइतकी निराधार राहिलेली नाही हे कबूल केले पाहिजे. परंतु हातात आलेला तो प्रोग्राम चालू लागला की पुन्हा तेच निर्विकार अक्षरपालन सुरू होते, आणि विद्यार्थ्याला दोन थरांतला हा भेद शिकवण्याचे काम पूर्वीपेक्षा नाजूक झाले आहे. याहून मोठी चिंता मला शिक्षकाची वाटते. निदान करणाऱ्या यंत्राने एखाद्या मुलीच्या नावापुढे ‘लूपविषयी गैरसमज’ असा शेरा लिहिला, आणि यंत्राने तिला समजून घेतले असे शिक्षकाने धरून चालले, तर रॉय पी यांनी नवशिक्यात दाखवलेला भ्रम आता गुरूच्या ठिकाणी उत्पन्न झाला असे होईल. आणि गुरूच्या भ्रमाचे निवारण करायला वर्गात कोणी नसते.

वेदान्ताचा या प्रसंगी एक सिद्धान्त आठवतो, की ज्ञानाने अज्ञान नाहीसे होते ते दोघांचा आश्रय आणि विषय एकच असतील तरच. शिंपला हा शिंपला आहे हे मला ठाऊक असल्याने चांदी पाहणाऱ्याचा भ्रम जात नाही. ते त्याला दिसले पाहिजे. ‘ब’ची किंमत ७ होईल असे जिने आधी कागदावर लिहून ठेवले आणि मग प्रोग्राम चालवून पडद्यावर ५ पाहिले, तिच्या ठिकाणी बाधकज्ञान खऱ्या अर्थाने उत्पन्न होते, कारण तिची अपेक्षा आणि वस्तुस्थिती एकाच क्षणी एकाच मनात समोरासमोर येतात. उलट तिने ओळ पुरती लिहिण्याच्या आतच यंत्राने चूक ओळखून सुधारलेली ओळ पुढे केली, तर प्रोग्राम शुद्ध होतो आणि भ्रम अबाधित राहतो, कारण ज्याचा बाध व्हायचा ते तिला कधी दिसलेच नाही. म्हणून निदान किती अचूक आहे याइतकेच ते केव्हा आणि कोणापुढे प्रकट करावे हेही विचाराधीन असले पाहिजे. मला अधिक योग्य वाटते ती तजवीज अशी: यंत्राचा तर्क प्रथम शिक्षकाकडे यावा, निर्णय म्हणून नव्हे तर तपासाची दिशा म्हणून, आणि शिक्षकाने मुलीजवळ जाऊन, तो तर्क तिला न सांगता, एवढेच विचारावे की, “ही ओळ चालल्यावर काय होईल असं तुला वाटलं होतं?” यात जो वेळ जातो तो मला वाया गेलेला वाटत नाही. न्यायाच्या दरबारात दफ्तर कितीही भक्कम असले तरी ज्याच्याविषयी फैसला द्यायचा त्याची कैफियत घेतल्यावाचून फैसला देत नाहीत. आणि इथे तर आरोपी कोणी नाही, फक्त शिकणारे एक मन आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मंडळी ‘कोड इन प्लेस’ नावाचा पायथनचा विनामूल्य वर्ग चालवतात. २०२१ साली त्यात १२,०००हून अधिक विद्यार्थी होते, आणि त्यांच्या एका चाचणीची उत्तरे तपासण्याचे काम, त्याच विद्यापीठातील आधीच्या परीक्षांच्या माणसांनी तपासलेल्या उत्तरांवर शिकवलेल्या मॉडेलकडे देण्यात आले. अभिप्राय दाखवल्यावर विद्यार्थ्याला विचारले जाई, हा तुम्हाला पटतो का. सुमारे ९८ टक्के वेळा विद्यार्थ्यांनी होकार दिला, आणि मानवी शिक्षकांच्या अभिप्रायांना मिळालेला होकार सुमारे ९७ टक्के होता. या आकड्यांहून, शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यालाच विचारण्यात आला, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. होकार देणाऱ्यांत कित्येक केवळ अदबीने मान डोलावणारे असतील; नकाराला मात्र धैर्य आणि कारण दोन्ही लागतात. त्या शंभरांतल्या दोघांपैकी एकाच्या बाबतीत मॉडेल चुकले असेल, दुसरा आपल्या शिंपल्याला अजून चांदी म्हणत असेल, आणि दोघांचा नकार नोंदींत सारखाच दिसेल. मला अधिकार असता तर सगळा वर्ग बाजूला ठेवून मी आधी या दोघांचे प्रोग्राम मागवले असते, आणि प्रत्येकाला ओळीओळीपुढे आपली अपेक्षा लिहायला सांगून मगच ते चालवायला दिले असते.